गणपतीला गाडीने गावी निघताय? आधी झोप घ्या

कातळसडा | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

यंदा चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला आहे. म्हणजे शुक्रवारी २२ तारखेला संध्याकाळी ऑफिसं सुटली की मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसईहून गाड्या कोकणाकडे वळायला लागतील. हा धागा त्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर बसणाऱ्यांसाठी आहे. रस्ता कुठे खराब आहे, कुठे ट्रॅफिक लागतो, याचे धागे भरपूर आहेत. मला झोपेबद्दल लिहायचं आहे.

३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार. त्या वर्षी सोमवारी गणपती होते. मी सकाळी साडेसहाला उठलो होतो, दिवसभर ऑफिस केलं, घरी येऊन आंघोळ, जेवण, सामान भरणं. रात्री साडेनऊला डोंबिवलीहून निघालो. बायको शेजारी, मागे आई आणि नऊ वर्षांची मुलगी. डिकीत मखराचं सामान, आईच्या पायाशी नारळांची पिशवी. वडखळ, कोलाड, माणगाव सगळीकडे रांगा. महाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि मला हायसं वाटलं. चिपळूणला चहा घेतला. हातखंबा गेला, पाली गेलं. गाडीत सगळे झोपलेले.

पालीच्या पुढे एक मैलाचा दगड दिसला, लांजा १४. तो मला अजून स्वच्छ आठवतो, त्याच्या डोक्यावर कुणीतरी रिकामी बाटली उभी करून ठेवली होती. त्याच्यानंतर मला आठवतो तो जांभ्याच्या दगडांचा गडगा, बॉनेटला टेकलेला, आणि पुढच्या काचेवर पडलेली माती. या दोन्हींच्या मध्ये काही नाही. डोळे जड झाले, पापणी मिटली, मान पडली, यातलं काहीही मला आठवत नाही. लोक म्हणतात ना, "डुलकी लागतेय असं वाटलं तर मी थांबतो", मीही तेच म्हणायचो. पण डुलकी लागताना कळतच नाही. कळतं ते जाग आल्यावर.

पहाटेचे पाच वीस झाले होते. मी जवळजवळ तेवीस तास जागा होतो. वेग पन्नासच्या आसपास होता आणि गाडी डावीकडे गेली, म्हणून आज हे लिहितोय. उजवीकडे गेली असती तर समोरून येणाऱ्या गाडीवर गेली असती. बायकोला आणि मला बेल्टमुळे काही झालं नाही. मुलगी मागे आडवी झोपली होती, ती पुढच्या सीटवर आदळली. कपाळाला पाच टाके पडले. आईचं मनगट मोडलं. त्या वर्षी आमच्या घरचा गणपती चुलतभावाने बसवला आणि आम्ही रत्नागिरीला दवाखान्यात होतो. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. केस मागे बांधले की तो व्रण दिसतो.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा मेंदू, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला कळंबोलीला पोचतो तेव्हाच त्याचे १७ तास भरलेले असतात, आणि पुढे त्याला आठ-नऊ तास गाडी चालवायची असते. दारू पिऊन मुलांना गाडीत घालून आपण कोकणात निघणार नाही. मग हे कसं चालतं?

शिवाय शरीराचं घड्याळ आहेच. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार, या वेळांना झोप सगळ्यात जोरात ओढते. १९ मार्च २०१३ ला गोव्याहून मुंबईकडे जाणारी खाजगी बस खेडजवळ जगबुडी नदीत कोसळली आणि ३७ माणसं गेली, तेव्हाही पहाटेचे तीन वाजून गेले होते. तिथे नेमकं काय झालं यावर मी बोलत नाही. त्या वेळेला रस्त्यावर असणं म्हणजे काय, एवढंच सांगतोय.

आम्ही आता असं करतो. निघायच्या दिवशी ऑफिस नाही. संध्याकाळी आठला झोपायचं, पहाटे चारला निघायचं. सामान आदल्या दिवशी भरून तयार. दर दोन तासांनी थांबायचं, झोप आलेली असो वा नसो. तुम्ही काय करता ते लिहा. निघण्याआधी दहा जणांनी जरी वाचलं तरी पुष्कळ.

---

वाशिष्ठीकाठ | १० ऑगस्ट, रात्री ९.५२

वाचून अंगावर काटा आला. आम्ही चिपळूणचे. गणपतीच्या आधीच्या पहाटे हायवेच्या कडेला नाक चेपलेल्या गाड्या आणि रस्त्यावर बसलेली माणसं दरवर्षी बघतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागे रस्त्यावर ब्रेकच्या खुणाच नसतात. चालवणाऱ्याने ब्रेक मारलेलाच नसतो.

---

कुडाळकर_ठाणेवाला | १० ऑगस्ट, रात्री १०.३०

कातळसडा, तुमच्यावर ओढवलं ते फार वाईट. पण सरसकट रात्री निघू नका म्हणणं मला पटत नाही. मी वीस वर्षं रात्रीच जातो. दिवसा माणगाव-इंदापूरला तीन-तीन तास अडकायचं, बारकी मुलं उकाड्याने रडतात, उलट्या करतात. रात्री मुलं झोपतात, डोक्यावर ऊन नसतं, गणपतीच्या आधी अवजड वाहनांना बंदी असते त्यामुळे ट्रकही कमी. आणि सुट्टी? आमच्याकडे बुधवारची चतुर्थी असेल तर शनिवारी दुपारपर्यंत काम करून घेतात. ज्याला चार दिवसच मिळतात तो एक दिवस झोपेत घालवणार का? कानात गाणी, खिडकी उघडी, तोंडात सुपारी. माझं आजवर निभावलं आहे.

---

हाडवैद्य | १० ऑगस्ट, रात्री ११.१५

@कुडाळकर_ठाणेवाला, मी रायगड जिल्ह्यात अस्थिरोगतज्ज्ञ आहे. "आजवर निभावलं" हे वाक्य मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसांकडून ऐकलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, सुपारी, तंबाखू, यांनी पाच-दहा मिनिटं तरतरी वाटते. झोपेची भूक तशीच राहते. मेंदू मग दोन-तीन सेकंदांच्या झोपा परस्पर घेतो, कधीकधी डोळे उघडे असतानाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर झाले. एसटीच्या पाच-सहा बसगाड्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं अंतर, आणि तेवढा वेळ गाडीला कोणी चालवत नसतं.

झोपेवर औषध झोपच. ती मिळेपर्यंत निभवायचं असेल तर गाडी सुरक्षित जागी लावा, एक कडक चहा किंवा कॉफी घ्या, आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. चहा-कॉफीचा असर व्हायला साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, म्हणजे तुम्ही उठता तेव्हा तो सुरू झालेला असतो. मोबाइलवर गजर लावा. उठल्यावर पाच मिनिटं गाडीभोवती चाला, डोकं जाग्यावर येऊ द्या, मग किल्ली फिरवा. याने फार तर तासा-दोन तासांची सोय होते, पूर्ण रात्रीची नाही.

आणखी एक, ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी गोळ्या गुंगी आणतात. गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळीसुद्धा. मुलांना देताना "मलाही जरा मळमळतंय" म्हणून चालवणाऱ्याने तीच गोळी घेतली, असं घडतं. पाऊसपाण्याचे दिवस आहेत, सर्दी असणारच. डॉक्टरला विचारताना मी गाडी चालवणार आहे हे सांगा.

---

निशिगंधा | ११ ऑगस्ट, सकाळी ७.४०

मी गाडी चालवत नाही, शेजारी बसते. त्या सीटवरून दिसतं ते लिहिते.

नवऱ्याला झोप येतेय हे मला त्याच्या आधी कळतं. तो बोलता बोलता वाक्य अर्धं सोडतो. डिपर द्यायला उशीर करतो. वेग उगाचच कमीजास्त होतो, गाडी पांढऱ्या पट्टीला जाऊन टेकते आणि परत येते. एकसारखा मानेवर हात फिरवतो. हे दिसतं, पण "थांब" म्हणायला माझी जीभ रेटत नसे. म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मला काही झालेलं नाही, तू झोप." मागे सासूबाई म्हणायच्या, चालवणाऱ्याला टोकू नये. मग वाद नको म्हणून गप्प बसायचं आणि रामरक्षा म्हणत रस्त्याकडे बघत राहायचं. अशा किती रात्री मी काढल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही घरातून निघतानाच ठरवलं. मी "थांबव" म्हटलं की पुढच्या पंपावर थांबवायचं. कारण विचारायचं नाही. मी चुकले असेन तर गावाला पोचल्यावर मला बोल, पण गाडी थांबवायची. त्याने ते मनापासून मान्य केलं, सासूबाईंच्या समोर. मागच्या वर्षी मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तो सीट मागे करून वीस मिनिटं गाढ झोपला. "मला झोप नाही" म्हणणारा माणूस डोकं टेकताच घोरायला लागला, यावरून समजा.

शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं, हाही आमचा नियम आहे. शेजारचा झोपला की चालवणाऱ्यालाही झोप येते. मी संध्याकाळी मुद्दाम दोन तास झोपून घेते.

---

रातराणी_१९८४ | ११ ऑगस्ट, सकाळी ८.२५

निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवणार आहे.

आमचे अण्णा एसटीत चालक होते. मुंबई-मालवण रातराणी त्यांनी बरीच वर्षं चालवली. ड्युटीच्या दिवशी दुपारी घरात कोणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालायचं नाही. खिडकीला चादर लावून एक ते पाच झोपायचे. आम्ही मुलं अंगणातसुद्धा दबकत खेळायचो. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी मला शेजारी बसून शिकवलं आणि पहिल्या गणपतीला निघताना म्हणाले, "नीज इली तर गाडी बाजूक लाव. गणपती खंय पळान जावचो नाय."

त्यांची दुसरी शिकवण घाटाची. आता कशेडीला बोगदा झाला, पण हायवेचा ट्रॅफिक टाळायला बरेच जण पुणे-कोल्हापूर करून आंबा घाट, फोंडा घाट नाहीतर आंबोलीने उतरतात. एक्सप्रेसवे आणि पुणे-कोल्हापूर रस्त्याची सवय झालेला पाय त्या घाटात फार चुका करतो.

अण्णांचा नियम: जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या, मध्येच नाही. गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी आणि थोडाच. सारखा पाय ब्रेकवर ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो, मग पॅडल मऊ पडतं आणि शेवटी दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे मी अजूनही बघतो. न्यूट्रलमध्ये गाडीला अडवणारं इंजिन सुटलेलं असतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वास आला तर जागा बघून थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. लिव्हरवर एल किंवा एम किंवा वजा-अधिक अशी सोय असते, ती घाटासाठीच आहे. ड्राइव्हमध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर आंबोली उतरू नका.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा कायद्याचाही नियम आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलणं कठीण जातं. उतरणाऱ्याने थांबायचं.

---

शिकाऊ_चालक | ११ ऑगस्ट, दुपारी १.०५

मी यंदा पहिल्यांदा स्वतः चालवत सावंतवाडीला जाणार आहे. दिवसाच. पावसात समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? मी जास्त अंतर ठेवलं की लगेच कोणीतरी मध्ये घुसतो. आणि पाऊस जोरात आला की सगळे चारही इंडिकेटर लावतात, मीही लावायचे का?

---

चाकोरी | ११ ऑगस्ट, दुपारी २.३०

@शिकाऊ_चालक, माझं पनवेलजवळ गॅरेज आहे. चारही इंडिकेटर थांबलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीसाठी. चालत्या गाडीत लावले तर तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे हे मागच्याला कळतच नाही, आणि खरोखर बंद पडलेली गाडी कोणती हेही ओळखू येत नाही. पावसात डिपरवर हेडलाइट चालू ठेवा, त्याबरोबर मागचे दिवे लागतात, तेवढं पुरे. समोरचं काहीच दिसेनासं झालं तर रस्ता सोडून पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात जा, मग चारही लावा.

अंतरासाठी: समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. तुम्ही त्या खांबाशी त्याआधी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चार-पाचपर्यंत मोजा. कोणी मध्ये घुसला तर घुसू द्या, पाय जरा उचला आणि पुन्हा अंतर करा. सावंतवाडीपर्यंत असे पन्नास जण घुसले तरी तुम्हाला पाच-सात मिनिटं उशीर होईल.

रात्रीचं एक गणित मी गिऱ्हाइकांना कागदावर काढून देतो. डिपरवर हेडलाइटचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत कामाचा असतो. ओल्या रस्त्यावर ८० ने जाताना, अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तिथेच ३३ मीटर संपतात. मग गाडी थांबायला आणखी पन्नासेक. म्हणजे ८० मीटरच्या वर. उजेड संपतो तिथे बिनदिव्याचा ट्रक उभा असेल तर तो दिसेल, पण गाडी थांबणार नाही. ६० च्या वेगाला हेच अंतर पन्नासच्या आसपास येतं. म्हणून ओल्या रस्त्यावर डिपरवर साठच्या वर नको, आणि पाऊस कोसळत असेल तर त्याहून कमी.

आता गाडीबद्दल. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते आणि सगळे एसीचा गॅस बघायला सांगतात. टायर बघा असं म्हणणारे थोडे. टायरच्या खाचा कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हव्यात, पण पावसात तेवढ्यावर जाऊ नका. खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं. खाच झिजली की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटकू नका, एक्सलरेटर सोडा, सरळ धरा, दोन सेकंदांत चाक पुन्हा रस्ता पकडतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा छाप असतो, ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी सात-आठ वर्षांचा टायर गावी नेऊ नका. हवा टायर थंड असताना भरा, आणि माणसं-सामान भरून जाणार असाल तर भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो चिकटवलेला असतो.

वायपरचं रबर, मागचे ब्रेकलाइट, काच आतून पुसलेली. आणि स्टेपनी. डिकीत सगळ्यात खाली स्टेपनी, तिच्यावर मखर, तांदूळ, बॅगा. निघण्याआधी तिच्यात हवा आहे का ते बघायला कोणालाच आठवत नाही.

---

शिकाऊ_चालक | ११ ऑगस्ट, दुपारी ३.००

खूप आभारी आहे. मोजून बघितलं. मी आजवर दीड सेकंदावर चालवत होतो.

---

घाटवाट | ११ ऑगस्ट, रात्री ८.४५

मी भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आपल्यातले अर्धे लोक तसेच जातात.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी मिळून गाडी केली. ड्रायव्हरदादा रात्री दहाला वेळेवर आले. मी सहज विचारलं, जेवलात का, झोप झाली का? ते हसले फक्त. मग कळलं, आदल्या रात्री ते नाशिकला जाऊन आले होते आणि दुपारी विमानतळाची एक फेरी मारून थेट आमच्याकडे. गाडीत आम्ही आठ जण बसणार होतो, त्यात चार मुलं. आम्ही निघणं पहाटेवर ढकललं आणि दादांना आमच्या हॉलमध्ये गादी घालून दिली. ते दोन मिनिटांत झोपले, बूटसुद्धा काढले नव्हते.

गाडी ठरवताना आपण एसी विचारतो, कॅरिअर विचारतो, किलोमीटरचा दर विचारतो. चालवणारा माणूस काल रात्री कुठे होता हेही विचारा. आणि गावी पोचल्यावर त्याला झोपायला जागा द्या. आपण ओटीवर गप्पा मारत बसतो आणि तो अंगणात उन्हात गाडीत पाय दुमडून पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी तोच पुढच्या कुटुंबाला घेऊन परत जाणार असतो.

---

हाडवैद्य | ११ ऑगस्ट, रात्री १०.२०

घाटवाट, फार मोलाचं लिहिलंत.

कातळसडा यांच्या मुलीवरून मागच्या सीटच्या बेल्टबद्दल लिहायचं राहिलं होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, ते दोघं गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. त्यानंतर आठवडाभर सगळे मागचे बेल्ट लावत होते. आता पुन्हा सीटकव्हरखाली दबलेले असतात. कायद्याने मागेही बेल्ट लागतोच, न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

"मी मांडीवर घट्ट धरून बसते" असं आया सांगतात. हिशोब करा. ताशी ५० चा वेग, गाडी धडकून पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली. त्या क्षणी १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण २०० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्याही आईच्या हातात तो नाही, तिची माया कितीही असो. आणि बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं तर एअरबॅग फुटताना ती बाळावरच फुटते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. लहान मुलांना मागे, त्यांच्या वयावजनाच्या सीटमध्ये बसवा. मोठी मुलं आडवी झोपतात तेव्हाच बेल्ट निघतो. बसून, उशी मानेला लावून झोपायची सवय लावा. सुरुवातीला कुरकुरतात, दोन प्रवासांत सवय होते.

मागच्या काचेजवळ ठेवलेली पितळी समई, नारळ, स्टीलचे डबे, हे सगळं धडकेच्या वेळी पुढे येतं. जड सामान डिकीत, तळाशी.

---

कातळसडा | ११ ऑगस्ट, रात्री १०.५५

नारळांबद्दल तुम्ही लिहिलंत आणि मला थांबावं लागलं. आमच्या गाडीतले नारळ आईच्या पायाशी होते म्हणून. मुलीच्या मागे ठेवावेत असं मीच आधी म्हणालो होतो, आईने ऐकलं नाही.

तुमची हरकत नसेल तर तो मांडीवरच्या बाळाचा हिशोब मी गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकतो.

---

हाडवैद्य | ११ ऑगस्ट, रात्री ११.०२

जरूर टाका. आणि हेही टाका: अपघात दिसला तर थांबा, १०८ लावा. लोक पोलिसांच्या भीतीने थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. जखमीला हिसका देऊन बाहेर ओढू नका, गाडीला आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर मान न हलवता तिथेच धरा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. आमच्याकडे येईपर्यंतचा पहिला तास तुमच्या हातात असतो.

---

वाशिष्ठीकाठ | १२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आणि स्वतःची गाडी बंद पडली तर माणसांनी गाडीत बसून राहू नये. गाडीच्या मागे पन्नास पावलांवर त्रिकोण ठेवा, सगळ्यांना रस्त्याच्या बाहेर कठड्यापलीकडे उभं करा, पाऊस असला तरी. टायर बदलताना मागून गाडी येऊन धडकल्याचं आम्ही इथे बघितलं आहे.

---

कुडाळकर_ठाणेवाला | १९ ऑगस्ट, रात्री ९.३५

परवा हा धागा बायकोने पूर्ण वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. निशिगंधाताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचून दाखवला. दोन वर्षांपूर्वी राजापूरच्या आधी ती मला हाका मारत होती आणि मी उत्तर देत नव्हतो, हे तिने मला काल पहिल्यांदा सांगितलं. मला ती रात्र व्यवस्थित आठवते असं मी समजत होतो. ते हाका मारणं मला आठवत नाही.

सुट्टी वाढवून मिळत नाही, ते माझ्या हातात नाही. शनिवारी अर्धा दिवस काम आहे. घरी येऊन संध्याकाळपर्यंत झोपायचं आणि रात्री निघायचं असं ठरवतोय, एका दमात कुडाळ गाठायचं नाही. पोलादपूर-खेडच्या पट्ट्यात रात्री दोन-तीन तास गाडी लावून मुलाबाळांसकट झोपता येईल अशी जागा कोणाला माहीत आहे का?

---

वाशिष्ठीकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ९.५८

गणपतीत हायवेवर ठिकठिकाणी सरकारी सुविधा केंद्रं असतात, तिथे उजेड, पाणी आणि पोलीस असतात. ते नाही सापडलं तर चोवीस तास चालणारा मोठा पेट्रोल पंप, नाहीतर एसटी स्टँडचा परिसर. पंपावरच्या माणसाला सांगून लावा, ते नाही म्हणत नाहीत. हायवेच्या कडेला अंधारात लावू नका.

झोपताना इंजिन बंद करा. एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, धुराचा विषारी वायू आत भरू शकतो. काचा बोटभर खाली ठेवा. डास येतील, ओडोमॉस बरोबर घ्या.

आणि थेट चिपळूणला यायचं असेल तर मला निरोप पाठवा. आमच्याकडे माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, आंघोळीला गरम पाणी मिळेल.

---

कुडाळकर_ठाणेवाला | १९ ऑगस्ट, रात्री १०.०६

निरोप पाठवला आहे. आम्ही पाच जण आहोत, रात्री अडीचच्या सुमारास पोचू.